लहान शब्दांच्या बाजूचा माणूस

मुलांनो,

गेल्या रविवारी फोनवरच्या त्या शब्दांच्या खेळात मी तुम्हा दोघांना पुन्हा हरवलं. झेडने सुरू होणारा तीन अक्षरांचा शब्द मी लावला, तेव्हा धाकटीने लिहिलं, "आजी, तू पुस्तकात बघतेस." थोरल्याने तिला दटावलं, "आजी इंग्लिशची टीचर होती. तिला येणारच." मी एक हसरा चेहरा पाठवला आणि फोन उलटा ठेवून दिला.

ते खरं नव्हतं. ते शब्द मला कॉलेजात मिळाले नाहीत आणि शिकवतानाही मिळाले नाहीत. ते मला मराठी सातवी पास झालेल्या एका माणसाकडून मिळाले. त्या माणसाशी मी जे वागले, ते तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. आता ते नाहीत आणि माझीही पंच्याहत्तरी उलटली आहे. तुमच्या आईने तुम्हाला हट्टाने मराठी वाचायला शिकवलं, त्याचा असा उपयोग होईल हे तिच्या मनातही नसेल.

मी बी.ए. झाल्यावर श्रीरामपूरला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला गेले. बावीस वर्षांची होते. शाळेतल्या शिपाईमावशींनी मला रेल्वे रुळांपलीकडच्या आळीत एक खोली बघून दिली. पुढची खोली माझी, मागच्या दोन घरमालकांच्या. घरमालक रेल्वेच्या तारखात्यातून निवृत्त झालेले. आळी त्यांना तारबाबू म्हणे. मी त्यांना काका म्हणू लागले आणि त्यांच्या बायकोला काकू. ते मात्र मला पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणत. वयाने बापासारखे असूनही मी समोर आले की उठून उभे राहत.

तारबाबूंना एकच नाद होता. इंग्रजीतले लहान शब्द जमवायचे. दोन अक्षरांचे, तीन अक्षरांचे, फार तर चार. पाचवं अक्षर आलं की त्यांचा रस संपला. हे शब्द ते जुन्या रेल्वेच्या एका जाड रजिस्टरात पहिल्या अक्षराप्रमाणे लावून ठेवत. मी ते रजिस्टर पहिल्यांदा उघडलं तेव्हा मला ते उलटंपालटं बांधलंय असं वाटलं. पहिलं पान ईचं होतं, दुसरं टीचं. मग आय, मग ए, मग एन आणि एम.

"काका, सुरुवात ए पासून करायची असते," मी म्हणाले.

"कोन म्हनतं?"

"सगळं जग म्हणतं."

त्यांनी टेबलावर बोटाने एकदा टक् केलं. "ही झाली ई. एकच आखूड ठोका." मग बोट जरा दाबून धरलं. "ही टी. एकच लांब ठोका. आता ए ला दोन ठोके लागत्यात. सांगा बाई, आधी कोन बसंल?"

तीस वर्षं तार वाजवलेल्या माणसाची बाराखडी अशी होती. ज्याला ठोके कमी, तो पुढे. वायसारख्या अक्षरांना ते 'लांबड्या अंगाची' म्हणत आणि पार मागे बसवत. मला बारीकसारीक नीटनेटकं लागतं हे तुम्हाला ठाऊक आहे. ते रजिस्टर माझ्या डोळ्यांत खुपायचं.

लहानच शब्द का, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, "तारंत बारक्या शब्दाला आन् थोरल्या शब्दाला भाडं एकच. म्हनून मान्सं तार लिव्हताना पैल्यांदा बारक्यांना हाकलत्यात. खिडकीतून मी रोज बघायचो. थोरल्यांच्या बाजूनं समदी दुनिया हाय. मी ह्यांच्या बाजूचा."

त्यांचा आणखी एक नियम होता, तो फार कडक. शब्द स्वतःच्या डोळ्यांनी कुठेतरी छापलेला दिसला पाहिजे. कुणी सांगितला तर चालायचा नाही. डिक्शनरीला ते हात लावत नसत. "तिच्यात समदेच हायेत. तिच्यात हुडकायचं काय?" प्रत्येक शब्दापुढे तो कुठे भेटला ते मराठीत लिहिलेलं असे. 'जॅम – दवाखान्यातल्या सिस्टरचा डबा.' 'ओक – मिशनच्या कपाटाच्या आत.' 'लिड – गाडीतल्या फौजी मानसाची पेटी, उतरूस्तवर वाचली.' या दाखल्याला ते 'साक्ष' म्हणत.

त्या साक्षीसाठी ते काय करतील याचा नेम नसे. कुणाच्याही घरी चहा प्यायला की कप उपडा करून बुडाखालचं वाचायचे. एकदा अर्धा चहा आत असतानाच कप उपडा केला. आळीतल्या एका लग्नात वरात थांबवून त्यांनी बँडवाल्याचा ढोल स्वतःकडे फिरवून घेतला, कारण कातड्याच्या कडेला काहीतरी बारीक छापलेलं होतं. नवरदेव घोड्यावर बसून वाट बघतोय आणि तारबाबू चष्मा कपाळावर चढवून ढोल वाचताहेत. काकू लांबून ओरडल्या, "अवो, लगीन लागू द्या पोराचं! ढोल काय पळून चाललाय व्हय?" एकदा ते तापाने फणफणले असताना औषध पाजायला आलेल्या सिस्टरला म्हणाले, "बाटली जरा उजेडाकडं धरा." तिला वाटलं, किती औषध उरलंय ते बघतात.

त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. मालधक्क्यावर परदेशी धान्याची पोती उतरत होती. तांबडी मिलो ज्वारी रेशनवर मिळायची. तिच्या भाकरी थापता थापता तुटायच्या, त्यामुळे काकू रोज तिचा उद्धार करत. तारबाबू मात्र धक्क्यावर जाऊन पोत्यांभोवती फिरत. "बाई, आज चार गावले," असं म्हणत घरी येत.

"चार पायली गावले का?" काकू चुलीपुढून विचारत.

"शब्द गं."

"मंग कालवा त्येच भाकरीत."

हे सगळं काकूंना नुसतं खूळ वाटत होतं असं मी धरून चालले होते. एका दुपारी त्या माझ्याकडे गवारीच्या शेंगा निवडत बसल्या होत्या, तेव्हा त्यांनी मला सांगितलं. नोकरीत असताना एक तपासनीस आला होता. आपल्यातलाच, मराठीच. त्याने तारबाबूंना चार वाक्यं इंग्रजीत बोलायला लावली. यांना ती जमली नाहीत. दिवसभर इंग्रजी तारा बिनचूक घेणारा माणूस, पण तपासनिसाने त्याच्या कागदावर शेरा मारला, इंग्रजी येत नाही. पुढे बढती आली ती मागून आलेल्यांना. हे होते तिथेच राहिले.

"तवापून हे चाललंय," काकू म्हणाल्या. "मुंबैचा त्यो इंग्रजी पेपर येतो ना, त्यातलं कोडं धाडत्यात. समदं बरोबर आलं की नाव छापत्यात म्हनं. बक्षिसाचं न्हाई त्येंना. आपलं नाव एकदा इंग्रजीत छापून यावं, एवढंच. मंग त्यो कागद त्या तपासनिसाला धाडनार हायेत. मेला बी असंल त्यो आता."

त्या साप्ताहिकाचा एक अंक स्टेशनवरचा पेपरवाला त्यांच्यासाठी बाजूला ठेवायचा. कोड्यातल्या इंग्रजी सूचनांचा अर्थ ते माझ्याकडून समजून घेत. उत्तर मात्र सांगू देत नसत. "अर्थ सांगा, उत्तर नगं." मग रजिस्टर काढून पानावर बोट फिरवत, आणि ओठांनी ठोके मोजत उत्तर शोधत. दोनदा त्यांचं फक्त एकेक घर चुकलं होतं.

दिवाळीनंतर एका रविवारी ते रजिस्टर घेऊन माझ्या दारात उभे राहिले. बरोबर एक पट्टी आणि लाल शाईचं पेन होतं.

"बाई, एकदा तपासून द्या. खोटा शब्द असंल तर मारा. तुमी बी.ए. हाय. तुमची सही झाली की मला घोर न्हाई."

तो रविवार मला अजून लख्ख आठवतो, कारण मला तेव्हा फार छान वाटलं होतं. माझ्यापुढे एक वयस्कर माणूस विद्यार्थ्यासारखा बसला होता. मी पान उलटत होते आणि लाल रेघ मारत होते. माझी कसोटी साधी होती. जो शब्द मी वाचलेला नाही, तो शब्दच नाही. 'हॅस्प' मारला. 'ऑल' म्हणून एक होता, ए-डब्ल्यू-एल, मिशनच्या सुतारशाळेतल्या पेटीवर पाहिलेला, तो मारला. 'मिलो' मारला, पोत्याचं नाव म्हणून. दर रेघेला ते पट्टी धरत आणि म्हणत, "मारा. सरळ मारा, वाकडी नगं."

टीच्या पानावर 'टेअर' होता. टी, ए, आर, ई. पुढे साक्ष लिहिली होती, 'मालगाडीच्या हर डब्यावर.' तिथे मात्र त्यांनी पट्टी धरली नाही.

"बाई, ह्यो खरा हाय. रिकाम्या डब्याचं वजन ते. माल भरला की तेवढं वजा धरायचं. तीस वर्सं वाचतोय."

"काका, ती रेल्वेची खूण असेल. डब्यांवर अशी अर्धीमुर्धी अक्षरं असतातच. ते इंग्रजी नव्हे."

"न्हाई?"

"मी चार वर्षं इंग्रजीच शिकले. मला हा शब्द एकदाही भेटला नाही."

त्यांनी पट्टी धरली. मी सरळ रेघ मारली. त्या दिवशी एकूण एकतीस शब्द मारले आणि शेवटच्या पानावर सही करून खाली माझी पदवी लिहिली.

माझी जाडजूड डिक्शनरी, बक्षीस मिळालेली, मी बसले होते तिथून हात लांब केला तर लागेल अशा फळीवर होती. तारबाबूंना तिला हात न लावण्याचा त्यांचा नियम आडवा येत होता. मला काय आडवं येत होतं?

संक्रांतीच्या सुमारास एका कोड्यात त्यांची सगळी घरं भरली आणि एक राहिलं. शेवटची तीन अक्षरं आडव्या-उभ्या शब्दांमुळे पक्की झाली होती, ए, आर, ई. पहिलं शोधायचं होतं. सूचनेचा अर्थ मी सांगितला, "शहाणा व्यापारी हे वजा करायला विसरत नाही."

त्यांनी टीचं पान काढलं आणि माझ्या लाल रेघेवर बोट ठेवलं.

"बाई, ह्यो न्हाईच ना?"

माझ्यापुढे तपासायच्या वह्यांचा गठ्ठा होता. मी मान वर न करता म्हणाले, "काका, एकदा सांगितलं ना. नाही तो शब्द."

"न्हाई, इचारलं आपलं." ते खाली बसून पुन्हा पानं चाळत राहिले. शेवटी एफच्या पानावरून त्यांनी 'फेअर' घेतला, गाडीभाडं या अर्थाचा. व्यापारी गाडीभाडंही वजा करत असेल, असं म्हणाले. मी मान हलवली. त्यांनी माझ्यासमोर त्या घरात एफ लिहिला आणि कागद पाकिटात घातला.

दोन आठवड्यांनी मी शाळेतून आले तर ते ओट्यावर पेपर मांडीवर घेऊन बसले होते. उत्तर छापून आलं होतं. बाकी सगळं बरोबर होतं. त्या एका घरात टी होता.

ते रागावतील, निदान काही म्हणतील, असं मला वाटलं. ते मला धीर दिल्यासारखे म्हणाले, "बाई, छापनाऱ्यानं चूक केलीया. व्हतं असं. घाईत अक्षराचा खिळा चुकतो."

त्या क्षणी एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. मी म्हणाले, "हं. असेल."

मग खोलीत जाऊन दार लावलं आणि डिक्शनरी काढली. टेअर होता. अर्थ त्यांनी सांगितला होता तोच, जवळजवळ त्याच शब्दांत. ऑल होता, म्हणजे आरी; हॅस्प होता, म्हणजे कोयंडा; मिलोसुद्धा होता. माझ्या एकतीस रेघांपैकी चोवीस शब्द खरे निघाले. मी डिक्शनरी मिटली, आणि मुलांनो, मला पहिला विचार त्यांचा आला नाही. पहिला विचार आला तो शाळेत कुणाला कळेल का हा.

दुसऱ्या दिवशी ते निळं अंतर्देशीय पत्र घेऊन आले. संपादकांना चूक कळवायची होती. "तुमी इंग्रजीत मांडा. लिव्हा की बी.ए. झालेल्या बाईंनी तपासलंय."

मी नाही म्हणू शकले नाही. म्हणजे म्हणू शकले असते. मी त्या पत्रात शुद्ध, वळणदार इंग्रजीत लिहिलं की असा शब्द इंग्रजी भाषेत नाही. खोटं आहे हे माहीत असताना लिहिलं. खाली त्यांनी एकेक अक्षर कोरून सही केली. घरात डिंक नव्हता, म्हणून काकूंनी भाताची शितं चोळून पत्र चिकटवलं.

"जाताना पेटीत टाकते," मी म्हणाले आणि ते पर्समध्ये घातलं. ते मुंबईला गेलं असतं तर तिथला कुणीतरी हसला असता, आणि खाली नाव त्यांचं होतं. त्यांचं हसू होऊ नये म्हणून मी ते टाकलं नाही, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होते. त्यात माझंही नाव वाचवायचं होतं, हे सांगायला मला पन्नास वर्षं लागली.

ते उत्तराची वाट बघू लागले. पोस्टमन आळीत शिरला की ओट्यावरून उठून उभे राहत. "सायेब लोकांना कामं असत्यात," असं माझीच समजूत काढत.

आणि ते गावभर सांगत सुटले. एकदा मी रूळ ओलांडून शाळेत चालले होते. मालधक्क्याशी एक गाडी उभी होती. तारबाबू एका डब्यावरच्या अक्षरांपुढे काठी धरून उभे होते आणि भोवती गार्ड आणि हमाल हसत होते.

"ह्यो शब्द इंग्रजीत न्हाई," तारबाबू सांगत होते. "रेल्वेनं आपला केलाय."

"तारबाबू," गार्ड म्हणाला, "म्हंजी आता वॅगनवर काय लिव्हलंय ते शाळंच्या बाईला इचारायचं का?"

"बी.ए. हाय ती! तू काय हाय?"

"आमी मॅट्रिक नापास. पर आमाला टेअर ठावं हाय!"

हमाल खिदळले. तारबाबूंनी मला पाहिलं. त्यांचा चेहरा खुलला, काठी वर करून ते म्हणाले, "ह्या बगा बाई आल्या. सांगा बाई ह्येंला!"

मी घड्याळाकडे बघितलं, शाळेला उशीर होतोय असा हात केला आणि पावलं उचलली. उशीर होत नव्हता. मागून पुन्हा हसणं ऐकू आलं, आणि त्यांचा आवाज, "घाईत हायेत त्या. सांगतील सांजच्याला."

संध्याकाळी त्यांनी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही.

उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं आणि मी नोकरी सोडली. सामान बांधायला काकू मदत करत होत्या. मी साड्या काढून देत होते, त्या ट्रंकेत रचत होत्या. एका साडीच्या घडीतून ते निळं पत्र खाली पडलं.

काकूंना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण चिकटवलेल्या कडेला वाळलेलं शीत होतं, आणि मागे लिहिलेली नवऱ्याची अक्षरं त्या ओळखत होत्या. त्यांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं. बाहेर ओट्यावर तारबाबू टांगेवाल्याशी बोलत होते, त्यांचा आवाज आत येत होता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"ऱ्हाऊ द्या," काकू म्हणाल्या. त्यांनी ते पत्र मला परत दिलं नाही. दोन साड्यांच्या मधे सपाट ठेवलं, वर हात फिरवला आणि म्हणाल्या, "मधी ठिवलंय. चुरगळनार न्हाई. त्येंला दावू नका."

त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. निघताना ओटी भरली, कुंकू लावलं, सगळं रीतीने केलं, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे ठेवली.

तारबाबू स्टेशनपर्यंत आले. गाडी हलली तेव्हा खिडकीबरोबर चार पावलं चालत म्हणाले, "मुंबैचं उत्तर आलं की तुमच्या पत्त्यावर धाडतो, बाई. काळजी करू नगा."

मी पुढे दोनदा श्रीरामपूरवरून गेले. दोन्ही वेळा उतरले नाही. शाळेतल्या एका मैत्रिणीच्या पत्रातून आधी ते गेल्याचं कळलं आणि नंतर काकू. घर विकलं गेलं. रजिस्टराचं काय झालं ते मी विचारलं नाही, आणि आता विचारायला कुणी उरलेलं नाही. त्यातले पुष्कळ शब्द माझ्या लक्षात आहेत, साक्षींसकट. तुम्हाला हरवते ती त्यांच्याच जिवावर.

ते पत्र माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे. ते कधी उघडलेलं नाही. मागच्या बाजूला पाठवणाऱ्याच्या जागी त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं आहे. शाई उडाली आहे, पण नाव वाचता येतं.